मैदान कच्चं आहे

१२ मे

वन्सं,

नमस्कार तुमच्या वयाला आहे, तुमच्या सहीला नाही.

सही लगेच ओळखली. शेवटचं अक्षर खाली ओढून पुन्हा वर न्यायची तुमची सवय काही गेलेली नाही. तुमच्या बंधूंनी नोटीस उघडली, सही पाहिली, कागद शिलाई मशीनवर ठेवला आणि मागच्या दारात जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, "शहरातल्या त्या कार्यालयातल्या बाईंनी आपल्याला पावसाचं बिल पाठवलंय." तेव्हापासून या घरात तुम्ही ताई नाही. कार्यालयातल्या बाई आहात. ते तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. माझ्या रागाला नाती आडवी येत नाहीत.

बिल कशाचं ते मला जसं कळलंय तसं मांडते. चुकत असेन तर सुधारा, ते तुमचं रोजचंच काम आहे. आमचं उपनगर वर, तुमचं शहर खाली. आमच्याकडे पडलेला पाऊस आमच्या रस्त्यांची घाण घेऊन तुमच्या गटारांत उतरतो. ते पाणी नदीत सोडण्याआधी साफ करायला शहराने मोठं केंद्र बांधलं. आता शहर म्हणतं, घाण तुमचीही आहे, खर्चातला वाटा उचला. आमची परिषद म्हणते, पाऊस आभाळातून पडतो, आभाळाला बिल पाठवा. शेवटी तुम्ही लोकांनी विमानातून फोटो काढले आणि ठरवलं की जी जमीन पाणी पिते ती कच्ची, तिला माफी. जी पाणी पीत नाही ती पक्की, तिने पैसे भरायचे.

इथवर मला मान्य आहे. अगदी मनापासून मान्य आहे, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगू नका.

पण आमचं मागचं मैदान पक्कं? सगळंच्या सगळं? वन्सं, त्या मैदानात तुम्ही लहानपणी पडलात तेव्हा गुडघ्यातून माती काढावी लागली होती, सिमेंट नाही. मामंजींनी ताडपत्रीचा कारखाना तुमच्या भावाला दिला आणि मैदान दोघांना अर्धं अर्धं. तिथे आजही गवत आहे. गांडुळं आहेत. आम्ही त्यावर ताडपत्र्या वाळत घालतो, फरशी नाही.

नोटिशीतली रक्कम भरायची तर मैदान विकावं लागेल. दुसरं आमच्याकडे विकण्यासारखं काही नाही. आणि एक गोष्ट बहुधा तुमच्या लक्षात आली नसेल. अर्धं मैदान तुमच्या नावावर आहे. म्हणजे अर्धी नोटीस तुम्ही स्वतःलाच पाठवलीत. तुमच्या वाटणीची आज संध्याकाळी घरी घेऊन जा आणि शांतपणे वाचा.

तुमची, सध्या तरी,
भावजय


२१ मे

वन्सं,

उत्तर नाही. बरं. मोठ्या कार्यालयात छोटी पत्रं खाली जातात, वरच्या पाण्यासारखी.

मैदान पक्कं कसं झालं ते कळलं. तुमच्या भावाला समोर बसवून विचारलं. जसं बोलणं झालं तसं लिहिते, कारण मी माझ्या शब्दांत सांगितलं तर तुम्ही म्हणाल मी तिखटमीठ लावलं.

"शहरातून कुणाचा फोन आला होता का?"

"आला होता. एक मुलगी होती. फार अदबीने बोलत होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमच्या मागे फोटोत सगळं निळं दिसतंय. ते पक्कं आहे की कच्चं?"

"मग?"

"मग काय? सांगितलं, पक्कं. माझ्या हाताखालून गेलेलं आहे. वर्षभर पावसाने झोडपलं तरी थेंब आत जाणार नाही."

मी कपाळावर हात मारला. ते पुढे म्हणाले, "तिने दोनदा विचारलं, नक्की का? मला जरा रागच आला. म्हटलं, बाई, खोटं वाटत असेल तर येऊन पाणी ओतून बघा."

वन्सं, ज्या दिवशी तुमचं विमान आमच्या डोक्यावरून गेलं त्या दिवशी आम्ही मालवाहू गाड्यांच्या निळ्या ताडपत्र्यांना मेण पाजून त्या मैदानभर वाळत घातल्या होत्या. त्या मुलीने जमीन विचारली, यांनी माल सांगितला. आपल्या धंद्यात मेण पाजलेलं कापड पक्कं आणि कोरं ते कच्चं, हे त्या मुलीला कुठून माहीत असणार? फोन ठेवल्यावर हे खुशीत होते. त्यांना वाटलं, शहरातून मोठी ऑर्डर येतेय.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तुमच्या भावालाही फारसा देत नाही. त्यांना मालाबद्दल कुणी विचारलं की दुसरं काही सुचत नाही, हे लग्नाच्या आधीच ठाऊक होतं. दोष देते तुम्हाला. तुम्ही त्या मेणाच्या वासात वाढलात. "निळं", "पक्कं", "थेंब आत जाणार नाही", एवढं वाचून तुम्हाला कळायला हवं होतं की हा माणूस मैदानाबद्दल बोलत नाही. तुम्हाला हसू यायला हवं होतं. तुम्ही सही केलीत.

इकडे मात्र माझी चलती आहे. परिषदेच्या गोदामवाल्या अध्यक्षांच्या कानावर ही गोष्ट गेली. तुम्ही इथे होतात तेव्हा त्यांचं एकच गोदाम होतं. आता मोठ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्यांचीच आहेत आणि परिषदही त्यांच्याच खिशात. पहिल्यांदा इतके हसले की खुर्ची धरून बसले. मग हसणं एकदम थांबलं. म्हणाले, "वहिनी, या बिलांवर शहरात सुनावणी आहे, तिथे पहिल्या तुम्ही बोलायचं. अगदी हाच किस्सा, अगदी असाच." परिषदेच्या सभेत मला पहिल्या रांगेत बसवलं. आजवर तिथे मी दारापाशी उभी असायचे. खोटं कशाला बोलू, आवडलं मला.

भावजय


३ जून

वन्सं,

तुमच्या चार ओळी मिळाल्या. तुम्ही लिहिता, निळ्या रंगाखाली काय आहे ते तुम्हाला कळायला हवं होतं. घरचे म्हणून आम्हाला वगळलं असं कुणी म्हणू नये म्हणून आमचा कागद तुम्ही मुद्दाम फार न पाहता पुढे सरकवलात. आता दुरुस्ती तुमच्या हाताने होणार नाही, कारण अर्धी जागा तुमची. सुनावणीत सांगा. आणि शेवटची ओळ: पाऊस झाल्यावर एकदा इकडे येऊन बघून जा.

म्हणजे इतरांना न्याय आणि आम्हाला डोळे मिटून सही. छान. तुमच्या भावाला वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि सुईत एकदा ओवलेला दोरा काढून पुन्हा ओवला.

शेवटच्या ओळीचं म्हणाल तर मी आले होते. सुनावणीचा अर्ज द्यायला परवा शहरात आले तेव्हा आदल्या दुपारी वळवाची सर येऊन गेली होती. अर्ज दिला आणि पाय तुमच्या गल्लीकडे वळले. भिंतींवर खिडकीच्या उंचीवर काळपट पट्टा आहे, घरोघरी, जणू एकाच माणसाने फूटपट्टी धरून ओढलाय. तुमच्या तळमजल्याच्या खिडकीतून आतला पलंग दिसला. पायांखाली विटा लावून उंच केलेला. तुम्ही वाकून कपाटाचा खालचा कप्पा पुसत होतात. पुसताना तुम्ही नाकाला पदर लावला होता.

इथले लोक म्हणतात की आपण दोघी एकमेकींना पाण्यात पाहतो. मी तर तुम्हाला खरोखरच पाहिलं.

दार वाजवलं नाही. बस सुटली असती. घाई होती.

वासाबद्दल लिहू की नको असं चाललंय. गटाराचा वास कुठेही सारखाच असतो. पण तुमच्या गल्लीतल्या वासात सोड्याचा आणि जुन्या मेणाचा वास होता. दुरुस्तीला आलेल्या ताडपत्र्या आम्ही धुण्याच्या ओट्यावर घासतो ना, त्याचा. माझं नाक या धंद्यात पिकलंय, ते चुकत नाही. ओट्याचं पाणी नाल्यात जातं आणि नाला तुमच्याकडे.

हे मी कबूल करत नाहीये. नुसतं सांगतेय. मैदानाबद्दल मी तसूभर मागे हटणार नाही.

भावजय


११ जून

वन्सं,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाचा आणि तोवर कुठल्याही कागदावर सही करू नका. तुमची सही हाच आमच्या घरात मोठा विषय झालाय.

अध्यक्ष काल दुपारी कारखान्यात आले. सोबत दोन कागद. मी चहा टाकला. मला वाटलं, सुनावणीत काय बोलायचं ते ठरवायला आलेत. त्यांनी सगळं आधीच ठरवलेलं होतं.

त्यांचं म्हणणं असं. आमची चूक म्हणजे एका घराची चूक नाही, सगळ्या मोजणीचाच बोजवारा आहे. मी उभी राहून किस्सा सांगायचा, लोक हसतील, आणि हसू ओसरायच्या आत ते उठून म्हणणार की अशीच बाकीचीही मोजणी झालीय. त्यांच्या गोदामांचीसुद्धा. सगळंच रद्द करा. उपनगराने काही भरायचं नाही. "आणि तुमच्या नणंदबाई," ते म्हणाले, "अर्धी जागा स्वतःची असलेल्या कागदावर स्वतःच सही करून बसल्या. तक्रार लिहून तयार आहे. सुनावणीच्या दिवशी देतो. मोजणी तर जाईलच, त्या पण जातील."

दुसरा कागद मैदानाच्या विक्रीचा. त्यांना तिथे गाड्या उभ्या करायला सिमेंट घालायचंय. बिल आलं की आम्ही हात टेकू, हे त्यांनी आमच्या आधी ओळखलं होतं. तसाच कागद त्यांनी तुम्हालाही पाठवलाय म्हणे. तुम्ही विक्रीवर सही केलीत तर तक्रार फाडून टाकणार. खिसा थोपटून हसत सांगत होते, जणू आमच्यावर उपकारच करतायत.

तुमचे बंधू कोपऱ्यात ठिगळ शिवत होते. मशीन थांबवलं. उठले, अध्यक्षांच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता तो. म्हणाले, "ताईच्या नोकरीला हात लावायचा नाही."

ताई म्हणाले, वन्सं. कार्यालयातल्या बाई नाही.

अध्यक्ष म्हणाले, "अहो, तिने तुम्हाला बुडवायला काढलंय."

"ते आमचं आम्ही बघू. तुम्ही निघा."

ते गेल्यावर हे पुन्हा मशीनवर बसले आणि सगळी शिवण वाकडी घातली. मी उसवायला बसले. राग माझाही तुमच्यावर आहेच आणि तो राहणार. पण तो आमच्या घरचा राग आहे. गोदामवाल्याने तो उसना नेऊन त्यावर आपलं बिल माफ करून घ्यायचं, हे माझ्या जिवंतपणी होणार नाही.

आता ऐका. मी सुनावणीत बोलणार. मैदान सोडवणार. पण त्यांचा किस्सा सांगणार नाही, माझा सांगणार. तुम्ही विक्रीवर सही करू नका. तक्रारीची भीती दाखवतील. दाखवू दे. तुम्ही चूक केलीत, चोरी केली नाहीत. मान खाली घालायचं काही कारण नाही, आणि तुम्ही ती घातलीत तर मी तुम्हाला जन्मभर ऐकवीन.

भावजय


१९ जून

वन्सं,

तुम्ही सभागृहात होतात, पण अर्धी जागा आपली असल्याचं सुरुवातीलाच सांगून टाकलंत म्हणून तुम्हाला भिंतीजवळच्या खुर्चीत बसवून ठेवलं आणि बाहेर येऊ दिलं नाही. तुम्ही ते उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगितलंत. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ज्या गोष्टीचा बॉम्ब ते खिशात घेऊन आले होते ती तुम्हीच टेबलावर ठेवलीत. तुमच्याबद्दलच्या रागातला थोडासा मी तिथेच सोडून दिला.

पण बाहेर काय झालं ते तुम्हाला कुणी धड सांगितलं नसणार. आत झालं ते तुम्ही ऐकलंत, तरी एक जागा मला पुन्हा लिहायचीच आहे. मी फोनचं सगळं सांगितलं, लोक हसले, आणि अध्यक्ष उठून सुनावणीच्या साहेबांना म्हणाले, "साहेब, या सगळ्या मोजणीत कुठेतरी पाणी मुरतंय."

मी म्हटलं, "मुरतंय ना! तेच तर मी सांगतेय. आमच्या मैदानात मुरतंय. तुमच्या गोदामांत मुरतं का, ते बोला."

तेव्हा जो हशा झाला त्यात तुमचा आवाज मला ऐकू आला. नाही म्हणू नका. तुम्ही हसताना शेवटी खोकता.

मग मी साहेबांना म्हटलं, चूक आमच्या शब्दाची आहे, फोटोची नाही. फोटोला जे दिसलं ते त्याने दाखवलं. आमच्या एका ताडपत्रीखाली सगळ्या गावाने आपली सिमेंटं लपवू नयेत. शंका असेल तर चला, बादली घेऊन चला. साहेब शांत माणूस. चष्मा पुसला, छत्री घेतली आणि खरंच उठले. त्यांच्या मागून सगळी वरात शहरातून वर आमच्याकडे.

आधी गोदामाच्या आवारात बादली ओतली. पाणी क्षणभरही थांबलं नाही. तेलाचे काळे ओघळ उचलत, सिगारेटची थोटकं ढकलत सरळ नाल्यात, म्हणजे तुमच्याकडे.

मग आमचं मैदान. वन्सं, मी मिरवतच पुढे गेले. दारातून आत शिरले आणि भरलेली बादली धाडकन ओतली. पाणी तिथेच उभं राहिलं. चकचकीत डबकं. त्यात मला माझंच तोंड दिसत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, काय पितंय हो तुमचं मैदान!" सगळे हसले, आणि या वेळी मला हसले. कान तापले माझे. दारालगतच्या पट्टीवर आपण वर्षानुवर्षं ओल्या ताडपत्र्या ओढत आणतो, गाड्या वळवतो. ती माती दगड झालीय. मी रोज तिच्यावरून जाते आणि माझ्या डोक्यात नाही आलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ती दुभंगण्याइतकी मऊच नव्हती.

तुमच्या भावाने माझ्या हातातून बादली घेतली. नळावर भरली. मैदानाच्या मधोमध जाऊन एक ताडपत्री गुंडाळून बाजूला सारली आणि गवतावर पाणी ओतलं. ते सरळ उभे राहीपर्यंत पाणी गेलेलं होतं. साहेब तिथे गेले, पाय ठेवून पाहिला, बूट रुतला. बूट ओढून काढत म्हणाले, "लिहा. मैदान कच्चं. दारालगतची पट्टी पक्की."

मान्य, म्हटलं. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही बोलून गेले. "साहेब, त्या बाजूला आमचा धुण्याचा ओटा आहे. तो फोटोत झाडाखाली झाकलाय. तोही लिहा."

तुमचे बंधू माझ्याकडे बघतच राहिले. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, डोकं फिरलंय का?" फिरलेलं नव्हतं. तुमच्या गल्लीतला तो वास माझ्या नाकातून गेलेला नाही. जे आमचं आहे त्याचे पैसे मी ताठ मानेने भरीन, आणि जे आमचं नाही त्याची दमडी देणार नाही. मोजणी कायम राहिली. गोदामंही पक्की लागली, एकूण एक.

आता त्याचं फळ. गोदामवाल्यांच्या गाड्यांच्या ताडपत्र्या दुरुस्तीला यायच्या बंद झाल्या. आमच्या फाटकावर कुणीतरी लाल रंगाने "फितूर" लिहून गेलंय. तुमचे बंधू रॉकेल आणि फडकं घेऊन निघाले होते. मी अडवलं. त्या शब्दाच्या खाली त्याच लाल रंगात मी आपला फोन नंबर आणि "ताडपत्री शिवून मिळेल" असं लिहिलं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून वाचतो. अशी जाहिरात आपल्याला कधी परवडली नव्हती.

आणि हो. त्या दिवशी तुमच्या गल्लीत मला घाई नव्हती. बस तासाभराने होती. मी समोरच्या ओट्यावर बसून राहिले आणि तुम्ही पुसत होतात ते बघत होते. आत आले असते तर एक फडकं मला घ्यावं लागलं असतं, आणि फडकं घेतलं असतं तर भांडता आलं नसतं. मला भांडायचं होतं.

भावजय


४ जुलै

वन्सं,

अध्यक्ष आज सकाळी फाटकाशी गाडी लावून आमच्या नावाने ओरडत होते. हातात विक्रीचा कागद. तुम्ही परत पाठवलेला. म्हणाले, "बघा, बघा तुमच्या बहिणीने काय लिहिलंय!" सहीच्या जागी तुम्ही लिहिलंय, "जमीन कच्ची आहे. कच्चीच ठेवायची आहे." आणि खाली सही. शेवटचं अक्षर खाली ओढून पुन्हा वर.

या सहीला नमस्कार. माझ्या पहिल्या पत्रातलं वाक्य तेवढं मागे घेते, बाकी पत्र आहे तसंच राहू दे.

त्यांनी तक्रार दिलीच. तुमची चौकशी लागलीय हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, तुम्ही कळवलं नाहीत. अशा गोष्टी लपवायची सवय तुमच्या घराण्यातच आहे. लागू दे चौकशी. मला साक्षीला बोलावलं नाही तरी मी येणार. दारात बसणार आणि येणाऱ्या जाणाऱ्याला फोनचा किस्सा सांगणार, अगदी चौकशीवाल्यांना पाठ होईपर्यंत. नोकरी राहिली तर उत्तमच. नाही राहिली तर इथे एक मशीन रिकामं आहे. तुमचा टाका सरळ पडत नाही हे मला ठाऊक आहे, पण ठिगळाला चालून जाईल. कुणाच्या दारात उभं राहायची पाळी तुमच्यावर येणार नाही, एवढं मी आज लिहून देते.

काम थोडं येऊ लागलंय. फाटकावरचं वाचून शहराकडचा एक मंडईवाला आला, म्हणाला, ज्या बाईला सगळं गाव शिव्या घालतं तिची शिवण चांगली असणार. ओट्याचे पैसे भरले. ओट्याच्या कडेला विटा रचून पाणी अडवायला खड्डाही घेतलाय. सोड्याचा गाळ त्यात बसतो, वरचं निवळ पाणी तेवढं जातं. तुमच्या गल्लीतला वास कमी झाला की नाही ते तुम्ही कळवा. तिथे नाक तुमचं आहे.

आणि दारालगतची पट्टी आम्ही खणायला घेतलीय. पाऊस चालू आहे म्हणून कुदळ तरी शिरते. वरचा थर निघाला की खाली तीच जुनी काळी माती आहे. पुढच्या मोजणीला साहेबांचा बूट तिथेही रुतवायचाय मला. ताडपत्र्या आता डोक्यावरून उचलून नेतो, ओढत नाही. मान दुखते. दुखू दे.

रविवारी या. खणायला एक माणूस कमी पडतोय. जुने जोडे घाला आणि ती इस्त्रीची साडी नको. तुमच्याशी भांडण अजून शिल्लक आहे, ते समोरासमोर करू, पत्रात हात दुखतो.

आत्ता तुमच्या भावाला विचारलं, "तुमच्याकडून काय लिहू?" म्हणाले, "विचार, येणार हे पक्कं का."

मी म्हटलं, "कोणतं पक्कं ते नीट सांगा. तुमच्या एका पक्क्याने दोन महिने घर डोक्यावर घेतलं."

त्यांनी सुई ठेवली, हात पुसले आणि माझ्या हातून कागद ओढून घेतला. मेणाचा डाग पडलाय, त्याकडे बघू नका. पुढचं अक्षर त्यांचं.

ताई, मैदान कच्चं आहे. खोटं वाटत असेल तर येऊन पाणी ओतून बघ.